गुपित राखण्याचे वचन द्यावे काय?

शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न एक ना एक दिवस भेटतो. वर्ग सुटतो, मुले बाहेर पळतात आणि एखादे मूल मागे रेंगाळते. मग ते हळूच म्हणते, “टीचर, तुम्हांला एक सांगू का? पण आधी वचन द्या, कुणाला सांगणार नाही म्हणून.” पुष्कळदा ते गुपित साधेच निघते. परीक्षेत गुण कमी पडलेले असतात, नाहीतर मैत्रिणीशी भांडण झालेले असते. काही वेळा मात्र ते साधे नसते. अडचण अशी की, वचन मागितले जाते ते गुपित कळण्यापूर्वी. अशा वेळी आपण काय उत्तर द्यावे?

आपल्यापैकी बहुतेकांचे मन लगेच ‘बरे, नाही सांगणार’ असे म्हणून मोकळे होईल. आणि त्यात वाईट हेतू मुळीच नसतो. मुलाने आपल्यावर विश्वास टाकला आहे, तो मोडू नये असे वाटते. दिलेला शब्द पाळावा, चहाड्या करू नयेत, हे तर आपणच त्याच वर्गात शिकविलेले असते. तरीही या प्रश्नाचे योग्य उत्तर ‘नाही’ असे आहे, असे आमचे मत आहे. ते कसे, हे या लेखात वाचकांपुढे मांडावयाचे आहे. या बाबतीत इंग्लंड देशातील शाळांनी पुष्कळ वर्षे विचार केला असून किंमत मोजून काही शिकून घेतले आहे. म्हणून प्रथम तिकडे पाहू.

इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०१४ साली शाळा व कॉलेजे यांच्यासाठी एक मार्गदर्शिका काढली. ‘किपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ हे तिचे नाव. म्हणजे शिक्षणसंस्थांत मुलांना सुरक्षित ठेवणे. ती ध्यानात घेऊनच कारभार करणे हे तेथील शाळांवर कायद्याचे बंधन आहे. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी तिची सुधारलेली आवृत्ती निघत आली असून, नवे शालेय वर्ष सुरू होते त्या सप्टेंबर महिन्यात ती बहुधा लागू होते. २०१८ मध्ये, मुलांनीच दुसऱ्या मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी तीत स्वतंत्र भाग घालण्यात आला. गुन्हा म्हणता येणार नाही, पण मनाला खटकावे असे एखाद्या मोठ्या माणसाचे मुलांशी वागणे दिसले तर काय करावे, याविषयीचे प्रकरण २०२१ मध्ये आले. मुलाला जे सोसावे लागते ते सांगण्याची त्याची तयारी नसेल, किंवा आपल्यावर होत आहे तो अन्याय आहे हेच त्याला कळत नसेल, याची आठवण २०२२ च्या आवृत्तीने सर्व शिक्षकांना करून दिली. २०२५ च्या आवृत्तीत इंटरनेटवरील धोक्यांच्या यादीत खोट्या बातम्या व कटकारस्थानांच्या कंड्या यांचीही भर पडली.

अशा रीतीने ती मार्गदर्शिका वाढत गेली. तथापि आवृत्त्या बदलल्या तरी तिच्या पहिल्या भागातील दोन सूचना कायम राहिल्या आहेत. पहिली ही की, असे काही आपल्या येथेही घडू शकते, हे प्रत्येक कर्मचाऱ्याने मनात बाळगावे. दुसरी ही की, मूल जर आपल्यावरील अत्याचार सांगू लागले, तर ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन त्याला कधीही देऊ नये. कारण ते वचन शेवटी त्या मुलाच्याच हिताआड येण्याचा संभव असतो. शिक्षकाने ऐकून घ्यावे आणि ते शाळेने या कामी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीच्या कानी घालावे.

या सूचनांमागे दु:खाचा इतिहास आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया क्लिम्बिए नावाची आठ वर्षांची मुलगी लंडनमध्ये मरण पावली. चांगल्या शिक्षणासाठी म्हणून आयव्हरी कोस्टहून तिला आणले होते. आणणारी नात्यातली बाई आणि तिचा जोडीदार यांनीच तिला छळून मारले. पुढे लॉर्ड लॅमिंग यांनी चौकशी करून २००३ साली अहवाल दिला, तेव्हा कळून आले की, ही मुलगी कोणाच्याच दृष्टीस पडली नव्हती असे नाही. समाजकल्याण खात्याच्या लोकांनी तिला पाहिले होते, रुग्णालयातील डॉक्टरांनी पाहिले होते, पोलिसांनाही माहीत होते. तिला वाचविण्याच्या किमान १२ संधी हातच्या गेल्या. भूतबाधा झाली असावी असे समजून तिच्यासाठी प्रार्थनाही करण्यात आल्या. प्रत्येकाजवळ थोडे थोडे ठाऊक होते. ते एकत्र मात्र कोणी केले नाही.

पुढे २००२ च्या ऑगस्टमध्ये सोहम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इसम तेथील एका माध्यमिक विद्यालयाची देखभाल करणारा कर्मचारी होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या परगण्यात मुलींशी केलेल्या गैरवर्तनाच्या अनेक तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या. परंतु त्यांची माहिती, त्याला नोकरी देणाऱ्या शाळेपर्यंत पोहोचलीच नाही. २००४ मध्ये बिचर्ड चौकशी समितीने हे दाखवून दिले आणि मुलांमध्ये काम करणाऱ्यांची आधी चौकशी करण्याची पद्धत त्यानंतर पक्की झाली.

या दोन्ही प्रकरणांत कोणी कोणाला गुपित राखण्याचे वचन दिले नव्हते, हे खरे. परंतु परिणाम वचन दिल्यासारखाच झाला. ज्याच्याजवळ जे होते ते त्याच्याजवळच राहिले. मुलांचा घात पुष्कळदा कोणालाही काही माहीत नसल्यामुळे होत नाही. ज्याला माहीत असते तो ते पुढे नेत नाही, त्यामुळे होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वचन देणे ही पवित्र गोष्ट आहे, हे आम्ही मान्य करतो. पण प्रत्येक वचन पवित्र असते काय? पवित्र शास्त्रातच अशी दोन वचने आहेत की, ती पुढे काय मागतील हे कळण्याआधी दिली गेली. शास्ते पुस्तकातील इफ्ताहाने लढाई जिंकल्यास घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करण्याचा नवस केला, आणि सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. हेरोद राजाने मेजवानीच्या भरात नाचणाऱ्या मुलीला ‘मागशील ते देईन’ असे शपथेवर सांगितले, आणि तिने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर मागितले. दोघांनीही शब्द पाळला. पण त्यांनी शब्द पाळला म्हणून आपण त्यांची वाहवा करतो काय? दोन्ही ठिकाणी देणाऱ्याने आंधळे वचन दिले आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली. गुपित ऐकण्यापूर्वी दिलेले ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन याच जातीचे आहे. आपण बोलतो एका क्षणात. भरावे लागते ते त्या मुलाला.

दुसरे असे की, जे आपल्या मालकीचे आहे त्याचेच वचन आपल्याला देता येते. शेजाऱ्याच्या शेताचे खरेदीखत आपण करून दिले, तर कागदावर सही आपली असली तरी ते खत फोलच. तसेच येथे आहे. समजा, एखादे मूल सांगते की, अमक्या काकांनी आपल्याशी असे असे केले. ते काका उद्या दुसऱ्या मुलालाही जवळ बोलावतील. त्या दुसऱ्या मुलाची सुरक्षितता आपण या मुलाला देऊन टाकू शकतो काय? ते मूल आपल्यासमोर नाही, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. त्याच्या वतीने गप्प बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तिसरा विचार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते गुपित मुळात कोणाचे आहे? पाहताना ते मुलाचे वाटते, कारण मूल ते घेऊन आले आहे. परंतु मुलाने ते निर्माण केलेले नाही. ज्याने वाईट केले त्यानेच ते त्याच्या अंगावर टाकले आहे. ‘आईला सांगशील तर आई मरेल,’ ‘तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?’ ‘हे आपले दोघांचे गुपित,’ असे काहीतरी त्याला सांगण्यात आलेले असते. म्हणून मूल जेव्हा आपल्याला ‘सांगू नका’ म्हणते, तेव्हा पुष्कळदा तोंड मुलाचे असते आणि भीती त्या दुष्टाने घातलेली असते. आपण वचन दिले, तर आपल्या मते ते मुलाला दिलेले असते. उपयोग मात्र त्या माणसाला होतो. त्याने लावलेल्या कुलपाला आपण आणखी एक कुलूप घालतो.

यावर काही प्रामाणिक आक्षेप आहेत. ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप असा की, वचन दिले नाही तर मूल बोलणारच नाही. आणि न बोललेले दु:ख कोण दूर करणार? हे काही अंशी खरे आहे. काही मुले तेवढ्यावरून मागे फिरतील. पण याचा दुसरा भागही पाहिला पाहिजे. वचन देऊन ऐकले आणि मग निरुपायाने सांगावे लागले, तर एकदा एका मोठ्या माणसाने फसविलेल्या त्या मुलाला दुसऱ्या मोठ्या माणसानेही फसविले असे होईल. हा दुसरा घाव पुष्कळदा अधिक खोल जातो. आज मागे फिरलेले मूल, आपल्याशी खरे बोलणारा एक माणूस आहे एवढे तरी बरोबर घेऊन जाते, आणि उद्या परत येऊ शकते. खोट्या वचनाने पोळलेले मूल मात्र बहुधा परत येत नाही.

दुसरा आक्षेप निरपराध माणसाविषयीचा आहे. मुलाचा गैरसमज झाला असेल, कोणी त्याला पढविले असेल. उगाच एखाद्या भल्या माणसाच्या नावाला काळिमा लागला तर? ही भीती रास्त आहे. म्हणूनच इंग्लंडच्या त्या मार्गदर्शिकेत ऐकणारा आणि निवाडा करणारा यांची कामे वेगळी ठेविली आहेत. शिक्षकाने चौकशी करावयाची नाही, उलटतपासणी घ्यावयाची नाही, उत्तर सुचेल असे प्रश्न विचारावयाचे नाहीत. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढून योग्य व्यक्तीकडे द्यावयाचे. आरोप खोटा किंवा दुष्टाव्याने केलेला ठरला, तर त्या कर्मचाऱ्याच्या नोंदीतून तो काढून टाकावा, असेही तीत सांगितले आहे. विचार करून पाहिले तर ही पद्धत निरपराधालाही हिताचीच आहे. जेथे ठरलेली पद्धत नसते तेथे कुजबुज असते, आणि कुजबुजीविरुद्ध कोणालाही आपली बाजू मांडता येत नाही.

तिसरा आक्षेप मंडळीतच अधिक ऐकू येतो. ‘आपण ख्रिस्ती लोक, आपण एकमेकांवर विश्वास ठेवावा, संशय घेऊ नये. असे काही आपल्या येथे घडू शकते असे धरून चालणे म्हणजे प्रीतीचा अभाव.’ हा आक्षेप ऐकायला गोड आहे, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर केला पाहिजे. कारण याच विचाराने ख्रिस्ती मंडळीची फार मोठी हानी झाली आहे.

चर्च ऑफ इंग्लंडचेच उदाहरण घ्या. १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा आपल्याकडील अँग्लिकन मंडळ्या तीत सामील झाल्या, तेव्हा ते घर आपल्याला अगदी परके नाही. इंग्लंडमध्ये सरकारने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०२० साली त्या चर्चविषयी अहवाल दिला. १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत त्या चर्चमधील ३९० जणांवर, म्हणजे पाळक किंवा विश्वासाच्या जागी असलेली माणसे यांच्यावर, मुलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांबद्दल दोष सिद्ध झाला होता, असे त्यात नमूद आहे. लोक कळवीत नव्हते असे नाही. कळविलेले अनेकदा आतल्या आत राहत होते.

त्यातही जॉन स्मिथ याचे प्रकरण वाचून मन सुन्न होते. हा एक नामांकित वकील. मोठ्या घरच्या शाळकरी मुलांसाठी ख्रिस्ती शिबिरे भरविणाऱ्या एका ट्रस्टचा तो अध्यक्ष होता. पापाबद्दल शिक्षा म्हणून तो मुलांना व तरुणांना आपल्या घरामागील शेडमध्ये रक्त येईपर्यंत वेताने मारीत असे. १९८२ साली त्या ट्रस्टच्या लोकांनी चौकशी करून अहवाल तयार केला; पण तो मोजक्या लोकांतच राहिला आणि पोलिसांकडे कोणी गेले नाही. प्रभूच्या कार्याची हानी होईल, असे ज्यांना माहीत होते त्यांतील काहींना वाटले. स्मिथ १९८४ मध्ये झिंबाब्वेला गेला आणि तेथेही त्याने मुलांची शिबिरे भरविली. २०१८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत मरण पावला. तोवर कोणत्याही न्यायालयाने त्याला शिक्षा केलेली नव्हती. त्याच्या हातून शंभराहून अधिक मुले व तरुण पोळले असावेत, असे २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या मेकिन अहवालात म्हटले आहे. त्या अहवालानंतर काही दिवसांतच, त्या वेळचे कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा देत असल्याचे जाहीर केले.

ज्यांनी १९८२ साली मौन धरले ती दुष्ट माणसे नव्हती. त्यांनी जणू मंडळीच्या नावाला वचन दिले की, आम्ही कुणाला सांगणार नाही. शिक्षकाने एका मुलाला द्यावयाचे तेच वचन येथे एका संस्थेने स्वत:ला दिले. त्याची किंमत आफ्रिकेतील मुलांनी भरली. प्रभूचे कार्य वाचविण्यासाठी प्रभूच्या लहानग्यांना वाऱ्यावर सोडले, तर मागे वाचते ते काय?

आपल्या समाजात संस्थेच्या नावाप्रमाणेच घराच्या अब्रूचीही भीती असते. ‘मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे,’ ‘नात्यातलाच आहे, आपसांत मिटवू,’ ही वाक्ये आपल्याला अपरिचित नाहीत. दाविदाच्या घरी तामारेवर तिच्या सावत्र भावाने जबरी केली, तेव्हा दुसऱ्या भावाने तिला हेच सांगितले की, तो तुझा भाऊ आहे, गप्प राहा. दावीद राजा संतापला, परंतु त्याने केले काही नाही. तामार भावाच्या घरी झुरत राहिली. आणि दोन वर्षांनी त्याच मौनातून खून उद्भवला. घरातले घरात मिटविलेले पाप मिटत नाही, हे त्या घराण्याने दाखवून दिले आहे.

याच्या उलट एक प्रसंग शिलो येथील मंदिरात घडला. एली याजक म्हातारा झाला होता. त्याचे मुलगे मंदिराच्या दाराशी काय करीत होते, हे सगळ्या लोकांनी त्याच्या कानी घातले होते. त्याने त्यांना बोल लावले, पण आवरले नाही. मग एका रात्री देवाने आपला निरोप दिला तो बाल शमुवेलाला. तो निरोप एलीच्याच घराविरुद्ध होता, म्हणून मूल सांगायला घाबरले. शब्बाथ शाळेत आपण ही गोष्ट ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ येथपर्यंत सांगून बहुधा थांबतो. पण पुढचा भाग शिक्षकांसाठी आहे. एलीने त्या मुलाला बोलावून घेतले आणि काहीही लपवू नकोस असे निक्षून सांगितले. मुलाने सर्व सांगितले तेव्हा तो त्याच्यावर रागावला नाही, ‘हे कुणाजवळ बोलू नकोस’ असेही म्हणाला नाही. आयुष्यभर कर्तव्यात चुकलेल्या त्या म्हाताऱ्याने एवढी एक गोष्ट बरोबर केली. स्वत:च्या घराला जड जाणारे सत्यही मुलाच्या तोंडून ऐकून घेण्याची तयारी, हीच आम्हांस या विषयातील खरी ख्रिस्ती वृत्ती वाटते.

आपल्या देशापुरते पाहिले तर कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाचे होते. आणि बहुतेक मुलांनी तोवर हे कोणालाही सांगितलेले नव्हते. गोव्यातील वाचकांना मडगावच्या फ्रेडी पीट्स याचे प्रकरण आठवत असेल. मुलांसाठी अनाथगृह चालविणाऱ्या या माणसाला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१२ च्या नोव्हेंबरपासून देशात ‘पॉक्सो’ कायदा लागू झाला. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोठेही आपली मंडळी असो, हा कायदा तेथे आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हाच गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडविला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळविणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदविण्यात आला होता. तेव्हा गुपित राखण्याचे वचन देणारा शिक्षक जे देता येत नाही ते देऊ पाहतो, असे कायद्याच्या दृष्टीनेही म्हणावे लागते.

एवढे सगळे म्हटल्यावरही काही अडचणी उरतात, आणि त्या आम्ही झाकू इच्छीत नाही. कळविल्यानंतर मुलाला पोलीस, डॉक्टर, न्यायालय यांना तोंड द्यावे लागते, शेजारीपाजारी बोलतात, कित्येकदा घरातील कमावता माणूसच तुरुंगात जातो. सोळासतरा वर्षांची मुले आपल्या मर्जीने एकमेकांच्या जवळ आली असतील, तर तेथेही हा कायदा कठोरपणे लागू होतो, आणि त्या भयाने काही मुली दवाखान्यातही जात नाहीत. ज्या मुलासाठी आपण बोललो ते मूल आपल्यावर रागावेल, कदाचित वर्षानुवर्षे बोलणार नाही. हे सर्व खरे आहे. पण यांतून निघते ते इतकेच की, कळवून आपले कर्तव्य संपत नाही. पोलीस ठाण्यात बरोबर जाणे, तारखेच्या दिवशी सोबत बसणे, त्या घरी शिधा पोहोचतो की नाही हे पाहणे, त्या मुलाला वर्गात पूर्वीप्रमाणेच वागविणे, हे मंडळीचे काम आहे. जो सांगतो पण सोबत राहत नाही, त्याने अर्धेच काम केले.

मग वचन मागणाऱ्या मुलाला काय म्हणावे? ‘नाही’ म्हणून त्याला परतवून लावावे असा याचा अर्थ नाही. आपल्याला जी वचने खरोखर देता येतात ती पुष्कळ आहेत. आपण असे म्हणू शकतो: “बाळ, कुणालाच सांगणार नाही असं मी म्हणू शकत नाही. तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागेल. पण मी सगळ्यांना सांगत सुटणार नाही. ज्याला सांगणं भागच आहे त्यालाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन. तू बोललास तर मी तुझ्यावर रागावणार नाही. आणि तुला एकटं सोडणार नाही.” यातील प्रत्येक शब्द पाळता येण्याजोगा आहे. गुपित राखणे आणि मुलाची लाज राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे वचन देऊ नये; दुसरीचे जरूर द्यावे, आणि ते कसोशीने पाळावे. मुलाचे नाव महिला मंडळाच्या प्रार्थनाविनंतीतसुद्धा येता कामा नये.

मूल बोलू लागले की शांतपणे ऐकावे. ‘खरंच का?’ ‘तू तिथं गेलीसच का?’ असले प्रश्न विचारू नयेत. त्याच दिवशी त्याचे शब्द तारखेसह लिहून ठेवावे. ज्याच्याविषयी सांगितले त्याला जाऊन जाब विचारू नये. त्याने तो सावध होतो आणि मुलावर दडपण येते. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ असावा.

आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक मंडळीच्या पंच कमिटीने एक पुरुष व एक स्त्री अशी दोन जबाबदार माणसे या कामासाठी नेमावी, आणि त्यांची नावे उपासनेत मुलांच्या देखत वाचून दाखवावी. दोन अशासाठी की, तक्रार त्यांपैकी एकाविषयीच असेल तर दुसरा दरवाजा उघडा राहावा. तक्रार खुद्द पाळकसाहेबांविषयी असली तरीही तिची वाट तीच, आणि शेवटी ती पोलीस ठाण्यापर्यंत जाते. शिबिरे, सहली, गायनमंडळाचा सराव, सुट्टीतील शाळा, यांत कोणाही मोठ्या माणसाने एखाद्या मुलासह बंद खोलीत एकटे असू नये, हा नियम सर्वांना सारखा लावावा. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे त्यात कोणाचा अपमान नाही. भल्या माणसाला त्याचा आधारच वाटेल.

आणि शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत पाठाची तयारी संपल्यावर दहा मिनिटे एवढ्या एका प्रश्नासाठी ठेवावी: मूल वचन मागेल तेव्हा आपण कोणते शब्द बोलणार? ते शब्द आधी मोठ्याने म्हणून पाहावे. वेळ आली म्हणजे विचार करण्यास सवड मिळत नाही, आणि ते मूल आपल्या तोंडाकडे पाहत उभे असते.